विनामूल्य दवाखान्याची किंमत

मार्च सरला की सेवाभावी संस्थांच्या वार्षिक अहवालांची छपाई सुरू होते. त्यात महिला आरोग्य केंद्राचे एक पान असतेच. दीपप्रज्वलनाचे छायाचित्र, त्याखाली मान्यवरांची नावे आणि मग एक आकडा : वर्षभरात इतक्या हजार माता-भगिनींनी लाभ घेतला. वाचणाऱ्याला समाधान वाटते, आपला पैसा सत्कारणी लागल्याची देणगीदाराची खात्री पटते आणि कार्यकर्ते पुढच्या शिबिराच्या तयारीला लागतात. या समाधानात खोटे काही नाही. दवाखाना खरोखरच चाललेला असतो, डॉक्टर खरोखरच मानधन न घेता आलेले असतात. मात्र ज्या स्त्रीला रक्त तपासून घ्यायला सांगितले तिने रिपोर्ट नेला का, जिला मोठ्या रुग्णालयात जायला सांगितले ती तेथे पोहोचली का, जिला लोहाच्या गोळ्या दिल्या तिचे रक्त वाढले का, हे त्या पानावर सहसा सापडत नाही. सापडणार तरी कसे? ते दवाखान्याच्या दप्तरातच नसते.

स्त्रियांच्या दुखण्याचा प्रश्न महाराष्ट्राला काल-परवा उमगलेला नाही. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून आपण वैद्यकी शिकायला का जात आहोत हे समाजासमोर मांडले. हिंदू स्त्रियांना स्त्री वैद्यांची नितांत गरज आहे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षी मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले स्त्रियांचे रुग्णालय सुरू झाले. पुढे डॉ. रखमाबाई विलायतेहून शिकून आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. आज स्त्री डॉक्टर दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. तरीही दुखणे अंगावर काढण्याची सवय सुटलेली नाही.

ती किती खोल आहे, हे गडचिरोलीत दिसले होते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक वा अनेक विकार होते आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. जगभरच्या वैद्यकविश्वाला या आकड्यांनी धक्का बसला. गावातल्या बायकांना मात्र त्यात नवे काही वाटले नसावे. दुखणे ठाऊक होते, फक्त ते कोणाला सांगायचे हे ठाऊक नव्हते.

अशी स्त्री जेव्हा धीर एकवटून धर्मादाय दवाखान्याच्या पायरीवर येते, तेव्हा तिने आधीच बरेच काही खर्च केलेले असते. धुण्याभांड्याची चार घरे करणाऱ्या बाईला त्या दिवशीचा खाडा पडतो. शेतमजूर असेल तर रोज बुडतो. धाकट्या मुलाला शेजारणीकडे ठेवावे लागते आणि सासूला कारण सांगावे लागते. केसपेपर दहा रुपयांचा असो वा फुकट, तिच्या दृष्टीने हा दवाखाना विनामूल्य कधीच नसतो. ती किंमत वेळेच्या रूपाने मोजते. आणि संस्थेच्या जमाखर्चात त्या वेळेला रकानाच नाही.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, सकाळी ९ ते १२ या तीन तासांत एक डॉक्टर ३६ स्त्रियांना तपासतात, प्रत्येकीला पाच मिनिटे. बहुतेक ठिकाणी फलकावर 'वेळ : सकाळी ९ ते १२' एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे नंबर लागावा म्हणून सगळ्याच जणी नऊच्या आत हजर होतात. पहिलीला थांबावे लागत नाही, शेवटचीला जवळजवळ तीन तास थांबावे लागते. सरासरी प्रतीक्षा सुमारे दीड तासाची होते. सगळ्यांची मिळून बेरीज केली तर एका सकाळी साडेबावन्न तास बाकावर बसून जातात. आता त्याच ३६ जणींना बारा-बारांच्या तीन गटांत नऊ, दहा आणि अकरा अशा वेळा दिल्या, तर सरासरी प्रतीक्षा अर्ध्या तासाच्या आत येते आणि बेरीज साडेसोळा तासांवर उतरते. डॉक्टर तेच, खोली तीच, खर्च एक रुपयाही वाढला नाही. चिठ्ठीवर नंबराच्या शेजारी वेळ लिहिली, एवढाच फरक.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. डॉक्टर अर्धा तास उशिरा आले, तर आधीच्या पद्धतीत त्या एका सकाळी ३६ स्त्रियांचे मिळून आणखी अठरा तास वाया जातात. मानधन न घेणाऱ्या डॉक्टरांना वेळेविषयी कसे बोलायचे, हा संकोच विश्वस्तांना असतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण संकोच ज्यांच्यासाठी केला जातो ते आणि ज्यांना त्याचा भुर्दंड पडतो त्या, ही माणसे वेगळी आहेत. डॉक्टरांना साडेनऊचीच वेळ सोयीची असेल तर फलकावर साडेनऊ लिहावे. यात कोणाचाही अवमान होत नाही.

वेळेइतकाच महत्त्वाचा आहे कामाचा क्रम. अनेक दवाखान्यांत स्त्री थेट डॉक्टरांसमोर जाते. तेथे तिचे वजन होते, रक्तदाब मोजला जातो, शेवटची पाळी कधी आली हे आठवण्यात एक मिनिट जाते, आणि पाच मिनिटांतली तीन संपल्यावर खरे दुखणे जिभेवर येऊ लागते तोवर दारात पुढची उभी असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पाळीची नोंद ही कामे परिचारिका किंवा शिकवून तयार केलेली कार्यकर्ती आधीच उरकू शकते. मग डॉक्टरांची पाचही मिनिटे ऐकण्याला आणि तपासण्याला मिळतात. मदुराईला १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय काढले. त्याचा विस्तार ज्या रचनेवर झाला तिचे सूत्र हेच होते. जे काम शिकवलेली मुलगी नीट करू शकते ते तिने करावे, शल्यविशारदाने केवळ शस्त्रक्रिया करावी. तेथील शेकडो सहायिका खेड्यापाड्यांतून आलेल्या आणि तेथेच प्रशिक्षण घेतलेल्या मुली आहेत. डोळ्यांचा दवाखाना आणि स्त्रीरोगाचा दवाखाना सारखे नव्हेत, हे खरे. मोतीबिंदूविषयी चारचौघांत बोलता येते, अंगावरून पांढरे जाण्याविषयी येत नाही.

म्हणूनच स्त्रियांच्या दवाखान्यात नोंदणीची खिडकी ही सर्वांत नाजूक जागा असते. तेथे बसलेला कार्यकर्ता सद्भावनेने, पण मोठ्या आवाजात विचारतो, "काय त्रास होतोय?" मागे रांग, रांगेत शेजारीण, शेजारणीबरोबर तिचा नवरा. बाई सांगते, "डोकं दुखतं." केसपेपरवर डोकेदुखी लिहिली जाते आणि बाई डोकेदुखीची गोळी घेऊन घरी जाते. ज्यासाठी ती आली होती ते तसेच राहते. खिडकीवर केवळ नाव, वय आणि पत्ता विचारावा, त्रास आतल्या खोलीत विचारावा. तपासणीच्या टेबलाला दारापासून आड करणारा पडदा असावा. योनिमार्गात ठेवण्याच्या गोळ्या देताना त्या कशा वापरायच्या हे स्त्रीनेच स्त्रीला समजावून सांगावे. लघवीचा नमुना मागणाऱ्या दवाखान्यात कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह असावे. हे शेवटचे वाक्य लिहावे लागावे, यातच पुष्कळ काही आले.

शिबिरांविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. शिबिर हा आपल्याकडील सेवाकार्याचा आवडता प्रकार आहे. त्यात उत्साह असतो, सामूहिक परिश्रम असतात आणि एका दिवसात मोठा आकडा गाठल्याचा आनंदही असतो. परंतु आकड्याचा हा मोह कोठवर नेऊ शकतो, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ दिसले. सरकारी कुटुंबनियोजन शिबिरात, बंद पडलेल्या एका खाजगी रुग्णालयाच्या इमारतीत, काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. एका पथकाने दिवसाला तीसच्या वर शस्त्रक्रिया करू नयेत असे सरकारचेच निर्देश होते. त्या परिसरातील शिबिरांनंतर किमान १३ स्त्रिया दगावल्या. दिलेल्या औषधांविषयीही गंभीर प्रश्न उपस्थित झाले. पुढे २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्यास सांगितले. सेवावस्तीतील तपासणी शिबिराची या दुर्घटनेशी तुलना करण्याचा हेतू नाही, तेथे कोणी शस्त्रक्रिया करत नाही. पण 'आज किती झाल्या?' हाच दिवसअखेरचा एकमेव प्रश्न असला की पुढचे सगळे निर्णय त्या प्रश्नाच्या ओघाने होत जातात, हे दोन्ही ठिकाणी सारखेच आहे.

तपासणीने रोग कळतो. बरा होतो तो पाठपुराव्याने. रक्तक्षयाचे उदाहरण घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे शिबिरात कोणतीही बाई उभी केली तरी तिचे रक्त कमी निघण्याचीच शक्यता अधिक. तिला महिनाभराच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी शौच काळी होते, मळमळते, बद्धकोष्ठ होतो. हे आधी सांगितले नसेल, तर आठव्या दिवशी गोळ्या फडताळात जातात. चहाबरोबर गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही, हेही कोणीतरी सांगावे लागते. महिन्याने पुन्हा रक्त तपासावे लागते आणि रक्त भरून आल्यावरही काही महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. एका दिवसाच्या शिबिरात यातले पहिले पाऊल तेवढे पडते. आणि अहवालात ती स्त्री 'लाभार्थी' म्हणून मोजली जाते. लाभ कोणता झाला, हे विचारायचे नसते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत महाराष्ट्राच्या भूमीतच दोन मोठे प्रयोग झाले. त्यांतून जे सिद्ध झाले त्याने जगाच्या वैद्यकीय धोरणाला दिशा दिली, याची आपल्याकडे फारशी जाण दिसत नाही. पहिला धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांना त्यात सामावून घेतले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. दुसरा प्रयोग मुंबईच्या झोपडवस्त्यांत, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी साध्या व्हिनेगरच्या म्हणजे सौम्य ॲसेटिक ॲसिडच्या साह्याने तपासणी करवून घेण्यात आली. बारा वर्षांच्या पाहणीत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या दुसऱ्या प्रयोगातील एक आकडा धर्मादाय दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. तपासणीला ८९ टक्के स्त्रिया आल्या. पण तपासणीत दोष दिसल्यानंतर खात्रीच्या पुढील तपासणीसाठी पोहोचल्या त्या सुमारे ७९ टक्के. निधी होता, गाडी होती, घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, प्रत्येक नावाची नोंद होती. एवढे असूनही दर पाच संशयितांमागे एक स्त्री गळली. ज्या दवाखान्यात यातले काहीच नाही तेथे किती गळत असतील, याचा विचारच केलेला बरा. देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २ टक्केही भरल्या नव्हत्या.

पाठपुराव्यासाठी यंत्र लागत नाही. एक वही, एक फोन आणि ठरलेल्या वारी दोन तास देणारी एक व्यक्ती पुरते. निवृत्त परिचारिका, शिक्षिका किंवा मुले मोठी झालेली गृहिणी हे काम उत्तम करू शकते. अट एवढीच की ते 'वेळ मिळेल तेव्हा' करण्याचे काम नसावे. फोनबाबत मात्र सावधगिरी हवी. बाईने दिलेला क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा असतो, नाहीतर मुलाचा. दवाखान्यातून फोन आला आणि समोरच्याने "काय झालंय तिला?" असे विचारले, की हौशी कार्यकर्ती सरळ रिपोर्ट वाचून दाखवते. त्या एका वाक्याने घरात काय घडते हे दवाखान्याला कधी कळत नाही, बाई मात्र पुन्हा येत नाही. कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी फोन करायचा आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, हे पहिल्याच भेटीत तिलाच विचारून केसपेपरवर लिहून ठेवावे.

आता देणगीविषयी. सोनोग्राफी यंत्र देणारा दाता मिळतो. त्यावर नावाची पट्टी लागते, समारंभ होतो. परंतु त्या यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार, ते चालवणाऱ्या पात्र डॉक्टरांचे मानधन आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या लेखनिकाचे वेतन देणारा दाता शोधूनही सापडत नाही. परिणामी यंत्र निळ्या कापडाखाली झाकून राहते. शिवाय गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार केंद्राची आणि यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा 'एफ' नमुना पूर्ण भरणेही सक्तीचे आहे. त्यातील त्रुटी केवळ कारकुनी चुका समजून सोडून द्याव्यात, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. लेक वाचवण्याविषयी व्यासपीठावरून बोलणाऱ्या संस्थांचे तरी हे दप्तर चोख असायला हवे. देणगी मागताना यंत्राऐवजी 'एका परिचारिकेचे वर्षभराचे वेतन' मागण्याचे धैर्य विश्वस्तांनी दाखवले, तर समाज ते देणार नाही असे समजण्याचे कारण नाही. आजवर कोणी फारसे मागितलेले नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ही सेवा आहे, कारखाना नव्हे, येथे मिनिटांचे आणि टक्क्यांचे हिशेब कसले मांडता? कार्यकर्ता भावनेने काम करतो, त्याला आकड्यांच्या चरकात घातले तर तो दुरावेल. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. कोऱ्या तक्त्यांचे ढीग भरायला लावणारी व्यवस्थापनाची हौस चांगल्या संस्थांना कोरडे करून टाकते आणि मायेने बोलणारी आयाबाई कोणत्याही संगणकापेक्षा मोलाची असते. पण याच संस्था गणेशोत्सवाची वर्गणी पै-पैचा हिशेब लावून जमवतात, हजारोंच्या भोजनाची पंगत वेळेवर उठवतात. तेथे शिस्तीने भावनेचा ओलावा आटत नाही. तो दवाखान्यातच कसा आटतो? खरी अडचण वेगळी असावी. पंगतीत उशीर झाला तर जेवणारा बोलून दाखवतो. दवाखान्यातली बाई बोलत नाही. फुकट मिळते आहे, बोलायचे कसे, असे तिला वाटते. आणि कधीकधी तसे वाटावे अशीच वागणूक तिला खिडकीवर मिळालेली असते.

लहान दवाखान्याला सगळे जमणार नाही आणि जमावे अशी अपेक्षाही नाही. पुढे पाठवणे हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहणारच. 'मोठ्या हॉस्पिटलला दाखवा' असे केसपेपरवर लिहिणे म्हणजे पाठवणे नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वस्तीतल्या बाईला हे माहीत नसते. माहीत असले तरी शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन कोणत्या खिडकीवर कोणाला भेटायचे हे ठाऊक नसते. दवाखान्याच्या एका कार्यकर्त्याने जवळच्या दोन धर्मादाय रुग्णालयांतील समाजसेवा अधिकाऱ्यांशी ओळख करून घ्यावी, पाठवण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा आणि पहिल्या खेपेस शक्य असेल तर बाईबरोबर कोणाला तरी धाडावे. गर्भवतींसाठी तर सरकारनेच २०१६ पासून दर महिन्याची ९ तारीख ठरवून दिली आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी केंद्रांत विनामूल्य तपासणी होते आणि खाजगी स्त्रीरोगतज्ज्ञही तेथे स्वेच्छेने सेवा देऊ शकतात. धर्मादाय दवाखान्याने आपल्या नोंदीतील गर्भवतींना आठ तारखेला निरोप दिला, तर त्याच्या स्वतःच्या खोलीत एकही खाट न वाढता काम वाढेल.

सुरुवात मागच्या महिन्याच्या वहीपासून करता येईल. ज्या स्त्रियांना रक्त, पॅप किंवा सोनोग्राफी करायला सांगितले होते त्यांची नावे एका कागदावर काढावीत आणि किती जणींचे रिपोर्ट कपाटात न नेलेले पडून आहेत ते मोजावे. तो आकडा मार्चच्या अहवालात छापायचा की नाही ते विश्वस्तांनी पुढे ठरवावे. त्या आधी, येत्या गुरुवारी त्या यादीतल्या पहिल्या नावाला फोन करावा.